पाचव्या ओळीवरची फुली

बाणबाईंच्या सासूबाईंना कोणी विचारलं, "तुमची सून ऑफिसात काय करते हो?" की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "चौकोन काढते. त्याचा पगार देतात म्हणे." एवढं बोलून त्या आपल्या कामाला लागत. तसं पाहिलं तर यात खोटं काहीच नव्हतं. बाणबाई खरोखरच चौकोन काढत. चौकोन, गोल, पायऱ्या आणि त्यांना जोडणारे बाण. पण दीड पानाचा रटाळ मजकूर घ्यायचा, त्यातलं पाल्हाळ काढून टाकायचं आणि उरलेल्या चार शब्दांचं असं चित्र करायचं की फाटकावरच्या वॉचमनलाही एका नजरेत कळावं, हे एकदा करून बघा म्हणावं. भल्याभल्यांना घाम फुटतो.

कारखाना वजनकाट्यांचा. दुकानातल्या छोट्या काट्यापासून गोणी तोलायच्या मोठ्या काट्यापर्यंत सगळं तिथे बनायचं. बाणबाईंचे यजमान तिथे मागच्या शेडमधल्या दुरुस्ती विभागात मिस्त्री होते आणि त्यांनीच शब्द टाकून बायकोला ऑफिसात टायपिस्ट म्हणून चिकटवलं होतं. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. आधी टाइपरायटर होता, मग कॉम्प्युटर आला, मग एके दिवशी मॅनेजरसाहेबांना स्लाइडचं वेड लागलं. साहेब माणूस चांगला, पण एका स्लाइडवर अख्खं पुराण भरायचे. मुंगीएवढी अक्षरं, एकाखाली एक पंधरा मुद्दे, आणि समोर बसलेली मंडळी डोळे उघडे ठेवून झोपलेली. ते पुराण टाइप करायचं काम बाणबाईंचं.

असंच एका दुपारी टाइप करता करता त्यांचा हात चुकला आणि माऊसचं उजवं बटण दाबलं गेलं. पडद्यावर एक यादी उघडली. तिच्यात लिहिलं होतं की या ओळींचं ग्राफिक करता येईल. बघू तरी, म्हणून त्यांनी दाबलं. आणि काय सांगायचं! मघापर्यंत एकाखाली एक निमूट उभ्या असलेल्या सात ओळी टुणकन उठून सात चौकटी झाल्या, मध्ये बाण आले, रंग आले. बाणबाई खुर्चीतच सरळ होऊन बसल्या. मग त्यांनी ते सगळं पुसलं आणि पुन्हा केलं. मग गोलात केलं. मग पायऱ्यांत केलं. त्या दिवशी साहेबांचं काम उशिरा झालं आणि बाणबाईंना बोलणी बसली, पण त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू काही जाईना.

त्यानंतर पहिलं चित्र त्यांनी स्वतःच्या मनाने केलं ते फाटकासाठी. बिघडलेला काटा घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाने कुठे जायचं, काय दाखवायचं, पावती कुठे घ्यायची, याची दीड पानाची सूचना तिथे कित्येक वर्षं टांगलेली होती. ती कुणी वाचत नसे. लोक वॉचमनला विचारत आणि वॉचमन दिवसातून शंभरदा तेच सांगून वैतागत. बाणबाईंनी त्या दीड पानाचे पाच चौकोन केले. दुसऱ्या आठवड्यात वॉचमन मुद्दाम ऑफिसात आला आणि म्हणाला, "त्या बाणवाल्या बाई कुठे बसतात? त्यांचे पाय धरायचे आहेत." तेव्हापासून त्या बाणबाई. त्यांचं खरं नाव आता हजेरीच्या वहीत तेवढं उरलंय.

काम करायची त्यांची एक रीत होती आणि ती त्या कुणासाठी मोडत नसत. मजकूर आला की आधी कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. कागदाच्या चिठ्ठ्या करायच्या, एकेका चिठ्ठीवर एकेक गोष्ट लिहायची आणि त्या टेबलावर मांडून स्वतःलाच विचारायचं. आधी कोण? कोणाखाली कोण? आणि शेवटचं परत पहिल्याकडे येतं की तिथेच संपतं? ही उत्तरं मिळाली की मग सरळ ओळ करायची, झाड करायचं की गोल, ते आपोआप ठरतं. वस्तूचं नाव चौकटीत जायचं, तिचं काय होतं ते बाणावर जायचं. सावल्या, चमक, फुगीर अक्षरं यांना त्यांच्याकडे थारा नव्हता. आणि सगळं झालं की पडद्यावर बोट टेकवून चौकटी मोजायच्या, चिठ्ठ्या जितक्या तितक्याच भरल्या पाहिजेत.

एकदा खरेदीखात्याच्या प्रमुखांनी हट्ट धरला की आमच्या विभागाचा त्रिकोण करा आणि टोकावर मला ठेवा. बाणबाईंनी शांतपणे विचारलं, "साहेब, त्रिकोणात टोकाला जागा सगळ्यात कमी असते. तुमचं नाव मावेल का?" प्रमुखांनी सरळ ओळीवर समाधान मानलं. अशा त्या होत्या. तोंडाने गोड, पण चौकटीच्या बाबतीत कुणाच्या बापाचंही न ऐकणाऱ्या.

आणि एवढ्या पक्क्या बाईंच्या हातून ती गोष्ट घडली. माणसाचं कसं असतं बघा, ज्यात आपला हातखंडा, तिथेच पाय घसरतो.

कारखान्याच्या जुन्या मालकांनी सगळा कारभार धाकट्या बहिणीच्या हाती सोपवला होता. या नव्या मालकीणबाईंनी कारखाना अजून आतून पाहिलेला नव्हता. त्या गुरुवारी यायच्या होत्या, पुढच्या वर्षी कोणता विभाग कसा चालवायचा ते ठरवायला. बुधवारी सकाळी साहेबांनी मजकूर दिला. कारखान्याचे विभाग पाच: ओतकाम, जुळणी, तपासणी, पॅकिंग आणि दुरुस्ती. बाणबाईंनी चिठ्ठ्या मांडल्या, विचार केला आणि पाच चौकटींची सुरेख ओळ केली. बोटाने मोजली. पाच.

दुपारी चार वाजता साहेब घाईघाईने आले ते त्यांच्या खुर्चीच्या मागेच उभे राहिले. "बाई, मालकीणबाईंच्या दुसऱ्या कारखान्यातल्या स्लाइडा मी पाहिल्या. तिकडे ते खिडकीसारखं असतं ना, चार तावदानांचं, मध्ये गोल? तसं करा. त्यांना तसंच आवडतं."

"साहेब, पण ही ओळ..."

"ओळ राहू द्या हो. चार वाजून गेलेत. करा पटकन."

डोक्यावर साहेब उभे असले की भल्याभल्यांची रीत मोडते. चित्र मोठं दिसावं म्हणून बाणबाईंनी बाजूची मजकुराची पट्टी, जिच्यात मूळ ओळी दिसतात ती, बंद केली. ग्राफिकांच्या यादीतून तावदानांचं ग्राफिक निवडलं. क्षणात ओळीची खिडकी झाली. चार रंग, चार कोपरे, मध्ये कारखान्याचं नाव, कुठे म्हणून रिकामी जागा नाही. "वा!" साहेब म्हणाले. "झकास!" बाणबाईंनाही ते आवडलं, खोटं कशाला बोला. बोटाने मोजायचं तेवढं राहिलं. फाइल साहेबांकडे गेली आणि नेहमीप्रमाणे एक प्रत सूचनाफलकावर लागली, कारण मालकांना जे दाखवायचं ते कामगारांनीही बघावं असा साहेबांचा नियम होता.

पाच वाजता सुटी झाली. फलकापुढे गर्दी जमली तेव्हा बाणबाई भाजी घ्यायला बाजारात गेलेल्या होत्या.

त्या घरी पोचल्या तर मिस्त्री आधीच आलेले. पायातले बूटही न काढता खुर्चीत बसलेले. बाणबाईंनी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"काय झालं हो?"

"काही नाही."

जेवायला बसले तरी तेच. सासूबाईंनी दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाल्या, "आज काय मुकेपणाचं व्रत आहे का दोघांचं? मला सांगितलं असतं तर मीही धरलं असतं." मिस्त्रींनी ताट अर्ध्यावर सारलं आणि ते उठले. हात धुऊन आले, मग दाराशी उभे राहून म्हणाले, "तुला माहीत होतं ना?"

"काय माहीत होतं?"

"आमचा विभाग बंद करणार आहेत ते. चित्र तूच केलंस. त्यात आम्ही नाही. ओतकाम आहे, जुळणी आहे, पॅकिंगसुद्धा आहे. अठरा माणसं फलकापुढे उभी राहून आपला चौकोन शोधत होती. मामांनी तर दोनदा चष्मा पुसला." मामा म्हणजे विभागातले सगळ्यात जुने कारागीर. "आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. याच्या बायकोने काढलंय म्हणून."

बाणबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली. "अहो, शप्पथ सांगते, मी पाच ओळी टाइप केल्या. दुरुस्ती होती त्यात. माझ्या हाताने टाइप केली."

"मग कुठे गेली?"

त्यांनी आठवायचा पुष्कळ प्रयत्न केला आणि त्यांना एवढंच सुचलं की फाइल दिल्यावर साहेबांनी ती ओळ काढली असणार. म्हणजे खरंच वरून आदेश असणार. म्हणजे मिस्त्री म्हणतात ते खरं. पण हे त्या बोलल्या नाहीत, आणि न बोलल्यामुळे मिस्त्रींना वाटलं ते अजूनच पक्कं झालं. माणसं एका छताखाली वीस-वीस वर्षं राहतात आणि तरी अशा वेळी दोघांमध्ये भिंत उभी राहायला वेळ लागत नाही. मिस्त्री कूस बदलून झोपले. निदान डोळे मिटून पडले.

सकाळी रोज दोघं एकत्र निघत. त्या दिवशी मिस्त्री दहा मिनिटं आधीच निघून गेले. बाणबाईंना इतकं लागलं ते की चपला घालताना त्यांचे डोळे भरून आले. सासूबाईंनी पाहिलं, पण पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही.

ऑफिसात पोचल्या तर साहेब फाटकावर, मालकीणबाईंच्या स्वागताला. बाणबाई तडक तिथे गेल्या. "साहेब, एक विचारायचं होतं. कालच्या स्लाइडमधली दुरुस्तीची..."

"नंतर, बाई, नंतर! गाडी आली बघा."

झालं. आता तर त्यांची खात्रीच पटली की साहेब टाळताहेत. पाय ओढत त्या आपल्या टेबलाशी आल्या. दहा वाजत आले होते. मीटिंगच्या खोलीचं दार लागलेलं होतं आणि आतून साहेबांचा स्लाइड समजावायचा तो खास सूर ऐकू येत होता. निदान बघू तरी साहेबांनी काय काय खोडलंय, म्हणून त्यांनी आपल्या मशीनवरची कालची फाइल उघडली.

तीच खिडकी. चार तावदानं. साहेबांकडे जायच्या आधीची, त्यांची स्वतःची प्रत, आणि तीतही चारच. बाणबाईंनी बाजूची मजकुराची पट्टी उघडली.

पट्टीत पाच ओळी होत्या. पहिल्या चार नेहमीसारख्या. पाचवी ओळ, दुरुस्ती, फिकट झालेली आणि तिच्यापुढे एक बारीकशी लाल फुली.

त्या ग्राफिकमध्ये चारच गोष्टी मावतात. पाचवी दिली तर ते ती घेत नाही. पुसतही नाही, नुसती बाजूला ठेवतं आणि तिच्यापुढे फुली मारतं. पट्टी उघडी असती तर काल दिसली असती. बोटाने मोजलं असतं तरी कळलं असतं.

आणि बाणबाई हसायला लागल्या. एकट्याच. तोंडावर हात दाबून, खांदे हलवत. कुणी काही काढलं नव्हतं! कुणाचा आदेश नव्हता, साहेबांचं कारस्थान नव्हतं, काही म्हणजे काही नव्हतं. चूक होती, निव्वळ चूक, आणि ती त्यांची स्वतःची होती. स्वतःची चूक सापडल्यावर इतका आनंद झालेला माणूस त्या कारखान्याने तोपर्यंत पाहिला नसेल. रात्रभर छातीवर बसलेला दगड एका झटक्यात उतरला. आता पळत जाऊन यजमानांना सांगायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या, आणि मीटिंगच्या खोलीतला आवाज पुन्हा कानावर आला. तशा त्या जागच्या जागी थांबल्या. अरे देवा, आत तर तीच स्लाइड चाललीय!

अकरा वाजता चहासाठी दार उघडलं आणि साहेब रुमालाने मान पुसत बाहेर आले. बाणबाईंनी त्यांना जिन्याशी गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं. साहेब ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "आलं होतं माझ्या लक्षात."

"काय?"

"आत, बोलता बोलता. चौथा कोपरा झाला आणि पुढे काहीच नाही. मी दचकलोच. पण तेवढ्यात मालकीणबाई म्हणाल्या, वा, चारच विभाग, किती सुटसुटीत. आवडलं म्हणाल्या. मग आता कसं सांगणार, की नाही हो, पाच आहेत?"

"मग?"

"मग काय! त्या कारखान्याच्या नकाशावर खुणा करत बसल्यात. म्हणाल्या, मागची शेड कशाला वापरता? मी म्हटलं, किरकोळ कामाला. त्या म्हणाल्या, मग तिथे गोदाम करू." साहेबांनी पुन्हा मान पुसली. "जेवणाआधी सह्या आहेत. बाई, आत्ता तोंड उघडलं तर मी ठार मूर्ख ठरेन. आपण असं करू, पुढच्या महिन्यात हळूच पत्र लिहू."

"पुढच्या महिन्यात मागच्या शेडला कुलूप असेल, साहेब. आणि अठरा माणसं फाटकाबाहेर असतील."

साहेब भिंतीकडे बघत राहिले. बाणबाईंना त्यांची चीडही आली आणि कीवही आली. घाबरलेल्या माणसाला किती ताणणार? "तुम्ही नका बोलू," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे. मी बोलते." आणि विचार करायला वेळ मिळाला तर आपणही भिंतीकडे बघत बसू हे ठाऊक असल्यामुळे त्या तशाच आत शिरल्या.

आत मालकीणबाई होत्या आणि त्यांच्याबरोबर आलेले दोन पाहुणे. मालकीणबाई ठेंगण्या, काटक, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "आपण?"

"मी ही चित्रं काढते," बाणबाई म्हणाल्या. "तुमच्यासमोर आहे ते चित्र चुकलंय. माझ्या हातून. कारखान्यात विभाग पाच आहेत."

मागे दारात साहेबांनी कपाळावर हात मारला.

"मग आम्ही सकाळपासून काय मंजूर करतोय?" मालकीणबाईंनी विचारलं.

"चार पंचमांश कारखाना," बाणबाईंच्या तोंडून निघून गेलं, आणि त्यांनी जीभ चावली.

एक पाहुणा फिसकन हसला. मालकीणबाई हसल्या नाहीत. "दाखवा," म्हणाल्या.

बाणबाईंनी साहेबांचा लॅपटॉप पुढे ओढला. पट्टी उघडली. भिंतीवरच्या पडद्यावर लाल फुली भली मोठी दिसली. "ही ओळ इथे आहे. ती कुणी पुसलेली नाही. या चित्रात चारच मावतात म्हणून ती दिसत नाही, एवढंच."

"मग पाच मावतील असं करा."

आता काल सकाळची ओळ परत आणली असती तरी भागलं असतं. पण बाणबाईंचा हात थांबला. ओळीत दुरुस्ती सगळ्यात शेवटी येते, पॅकिंगच्या मागे शेपटीसारखी. आणि शेपटी कापायला कुणाला काय वाटतं? त्यांनी डोळ्यांपुढे चिठ्ठ्या मांडल्या. शेवटचं परत पहिल्याकडे येतं का? वीस वर्षं जेवताना यजमान काय सांगत आले होते? आज परत आलेल्या काट्यात काय निघालं, कुठली कडी झिजली, ओतकामवाल्यांना काय जाऊन सांगितलं, हेच तर! बुधवारी सकाळी हे आपल्याला कसं सुचलं नाही, याची त्यांना लाज वाटली.

त्यांनी ग्राफिकांच्या यादीतून गोल निवडला. पाच चौकटी गोलात बसल्या, फुली नाहीशी झाली, आणि दुरुस्ती पॅकिंग आणि ओतकामाच्या बरोबर मध्ये आली.

"काटा गिऱ्हाइकाकडे जातो," बाणबाई पडद्यावर बोट फिरवत म्हणाल्या. "दोन-चार वर्षं चालतो आणि बिघडला की दुरुस्तीला येतो. तो उघडल्यावर काय मोडलं ते दुरुस्तीवाल्यांनाच दिसतं. ते ओतकामाला सांगतात. मोठ्या काट्याची खालची कडी जाड केली ती यांच्या सांगण्यावरून, तेव्हापासून ती मोडून येणं थांबलं. हा बाण काढला तर आपला काटा बाहेर जाऊन काय दिवे लावतो, ते आपल्याला कधी कळणारच नाही."

मालकीणबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. पडद्याकडे पाहिलं, मग बाणबाईंकडे पाहिलं. "त्या विभागात तुमचं कोणी आहे का?"

हा प्रश्न येणार हे बाणबाईंनी धरलंच नव्हतं. क्षणभर वाटलं, नाही म्हणून मोकळं व्हावं. "आहेत," त्या म्हणाल्या. "माझे मिस्टर. बावीस वर्षं आहेत."

"असं! म्हणजे नवऱ्यासाठी धावत आलात."

"नवऱ्याची एवढी आठवण असती, तर काल चित्र करताना त्यालाच विसरले नसते."

आता मात्र मालकीणबाई हसल्या. चांगल्या मोठ्याने, चष्मा खाली घसरेपर्यंत. दोन्ही पाहुणे हसले, दारातले साहेब तर जरा जास्तच हसले. मग मालकीणबाई उठल्या. "चला. मला ती शेड दाखवा. चित्र पुरे."

शेडमध्ये त्या पाऊण तास होत्या. मामांनी त्यांच्यापुढे तीन जुने काटे उघडले आणि प्रत्येकाचं दुखणं नाडी धरल्यासारखं सांगितलं. मिस्त्री बाजूला पाना हातात धरून उभे होते. विचारलं तेवढंच बोलत होते आणि बायकोकडे बघत नव्हते. परत आल्यावर मालकीणबाईंनी नकाशा घेतला आणि मागच्या शेडवर पेन्सिलीने लिहिलेलं 'गोदाम' रबराने खोडून टाकलं. "गोदामाला दुसरी जागा बघा," त्या साहेबांना म्हणाल्या. "आणि पुन्हा मला काय आवडतं ते बघून कारखान्याला कात्री लावू नका. मला मोजता येतं, पण तुम्ही दाखवाल तेवढंच ना मोजणार?" साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण सह्या झाल्या त्या पाच विभागांवर झाल्या.

दुपारी बाणबाईंनी फलकावरचा जुना कागद काढून नवा लावला. अठरांपैकी सतरा माणसं बघायला आली. मामांनी चष्मा न पुसताच पाहिलं आणि म्हणाले, "या खेपेला सापडलो बुवा!" सगळे खो-खो हसले. कुणी म्हणालं, बाणबाईंना चहा द्या, कुणी म्हणालं, चहा कसला, त्यांनीच तर आपल्याला काल फाटकाबाहेर काढलं होतं, दंड करा. बाणबाईंनी दोन्ही कबूल केलं. मिस्त्री त्या गर्दीत नव्हते. ते शेडमध्ये काम करत होते.

संध्याकाळी मात्र ते फाटकाशी थांबलेले दिसले. दोघं चालू लागले. रस्त्यावर दुकानांचे दिवे लागत होते, सायकलींची गर्दी होती. शेवटी बाणबाईंनाच राहवेना.

"रागावलात?"

"भर सभेत सांगितलंस म्हणे, नवऱ्याला विसरले म्हणून. साहेब सगळ्या कारखान्याला सांगत सुटलेत."

"मग काय सांगणार होते? खरंच विसरले होते. ते चित्र इतकं गोजिरं दिसत होतं ना, की बघतच राहिले. आणि तुम्ही त्यात नाही हे मला दिसलंसुद्धा नाही हो." एवढं बोलून त्यांचा बांध फुटला. रस्त्यातच, लोकांदेखत, पदराने डोळे टिपत त्या उभ्या राहिल्या. "एवढी अठरा माणसं, त्यात माझा स्वतःचा माणूस, आणि मला पत्ताच नाही!"

मिस्त्री थांबले. त्यांनी बायकोच्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली.

"ए, रडू नको. ऐक. नोकरीचं मला एवढं नव्हतं. पाना चालवणाऱ्याला कुठेही काम मिळतं. काल रात्री मी दुसराच विचार करत पडलो होतो. म्हटलं, हिला सगळं माहीत होतं आणि तरी ही माझ्यासमोर बसून जेवली. रोज मी शेडमधलं सांगतो, ही ऐकते, आणि पोटात हे ठेवून बसली. तेच मला सोसेना." ते जरा थांबले. "आणि आज कळतंय की तू नुसती विसरली होतीस."

"हो."

"पक्कं ना? विसरलीस?"

"अगदी साफ विसरले."

मिस्त्रींनी एक लांब श्वास सोडला आणि सकाळपासून पहिल्यांदा बायकोच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "बरं झालं बाई," ते म्हणाले. "फार बरं झालं. चल आता, मला भूक लागलीय. कालपासून पोटात अन्न नाही माझ्या."